मावशींचा फोन मावशींच्याच हातात: रत्नागिरीत मोबाईल शिकवायचा कट्टा कसा चालवायचा

रत्नागिरीत आता फोन नाही असं घर शोधावं लागतं. मिरकरवाड्यात बोटीवर जाणाऱ्या पोरांपासून मारुती मंदिरच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या रिटायर्ड काकांपर्यंत सगळ्यांकडे टचवाला फोन आहे, त्यात नेटपॅक पण आहे. तरी लाडकी बहीणची ई-केवायसी आली की सायबर कॅफेच्या बाहेर रांग लागते, नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याला बँकेत रांग, आणि बाजारात म्हावरं विकणारी मावशी गिऱ्हाईकाने पैसे पाठवले की नाही ते बाजूच्या दुकानातल्या पोराला विचारते. म्हणजे फोन आहे पण फोनवरचं काम दुसऱ्याच्या हातात. बायकांचं तर अजून अवघड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं आणि बायकांपैकी फक्त ३३ टक्क्यांनी, आणि स्वतःला वापरायला मिळतो असा मोबाईल असलेल्या बायका होत्या ५४ टक्के. घरात फोन असणं आणि तो आईच्या हातात असणं ह्यात केवढा फरक आहे बघा.

रत्नागिरी काय फार मोठं शहर नाही, २०११ च्या जनगणनेत ७६ हजारांच्या आसपास लोक. अशा गावात सरकारी योजना यायची वाट बघत बसायची गरज नाही, चारपाच माणसं आणि एक जागा असली की आपल्या मोहल्ल्यात, वाडीत, सोसायटीत कट्टा सुरू होतो. आम्ही हे आमच्या भागात करतोय, त्यातून जे समजलं ते सविस्तर लिहितो. मालवण, वेंगुर्ला, अलिबाग, श्रीवर्धन कुठेही थोडाफार बदल करून चालेल.

सगळ्यात आधी एक नियम, बाकी काही नाही पाळलं तरी हा पाळा. शिकवणाऱ्याने समोरच्याच्या फोनला हात लावायचा नाही. बोट दाखवा, तोंडाने सांगा, आपल्या फोनवर करून दाखवा, पण त्यांच्या स्क्रीनवर टॅप त्यांनीच करायचं. आपल्याला वाटतं "द्या काकी, मी करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे" आणि ते खरंच दोन मिनिटात होतं, पण पुढच्या महिन्यात काकी परत येतात, तेव्हा आपण नसतो, मग त्या कोणातरी अनोळखी माणसाला पिन सांगून मोकळ्या होतात. फसवणूक होते ती तिथून. काम करून देणारे गावात भरपूर आहेत हो, शिकवणारे नाहीत.

जागा आणि वेळ

जागा अशी पाहिजे जिथे लोक आधीपासून जातात आणि जिथे जायला घरून कोणी अडवत नाही. देवळाचा सभामंडप, समाजाचा हॉल, जमातीचा हॉल, अंगणवाडी, वाचनालय. आपलं १८२८ पासूनचं नगर वाचनालय असलेलं गाव आहे, लोकांना वाचनालयात जायची सवय आहे तिचा उपयोग करा. मोबाईलच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत कट्टा भरवू नका, तिथे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नवीन फोन किंवा फी असंच येतं. जागेला दोन-तीन प्लग, एक एक्स्टेंशन बोर्ड, दोन्ही प्रकारचे चार्जर (जुना बारीक पिनवाला आणि नवीन सी-टाइप, निम्मे फोन बॅटरी संपलेलेच येतात) आणि नेटवर्क. नेटवर्क आधी स्वतः जाऊन तपासा, सगळ्या कंपन्यांचं. आपल्याकडे टेकडीच्या एका अंगाला फुल रेंज आणि दुसऱ्या अंगाला शून्य असं असतं, तुमच्या सिमला रेंज आहे म्हणून मावशींच्या सिमला असेलच असं नाही.

वेळ ठरवताना लोकांच्या कामाचा विचार करा. मच्छीवाल्या बायकांना सकाळी बोलावून काही उपयोग नाही, लिलाव आणि बाजार आटपून, घरचं जेवणखाण झालं की दुपारी साडेतीन-चारनंतर त्या बसू शकतात. मुस्लिम मोहल्ल्यात नमाजाच्या वेळा आणि शुक्रवार सांभाळा, राजिवड्यात बायकांसाठी शिकवायला मुलगीच पाहिजे आणि शक्यतो कोणाच्या तरी घरीच बसा, हॉलमध्ये बोलावलं तर खाला येणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल की त्यांना शिकायचंच नाही. मच्छीमारांसाठी सगळ्यात भारी सीझन म्हणजे जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर, माणसं घरी, जाळी विणत बसलेली असतात, त्यावेळी जे शिकवून होतं ते बाकीच्या दहा महिन्यात होत नाही. आठवड्यातला एकच वार ठरवा आणि पाऊस असो, गिऱ्हाईक येवो न येवो, त्या वेळेला तिथे जाऊन बसाच. एकदा कट्टा बंद दिसला की म्हातारी माणसं परत चढण चढून येत नाहीत.

शिकवणारी पोरं

कॉलेजची पोरं घ्या. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांना दोन वर्षांत २४० तास काम दाखवायचं असतं, गोगटे-जोगळेकरसारख्या मोठ्या कॉलेजात अशी पोरं मिळतात, सरांना जाऊन भेटा आणि लेखी पत्र द्या. पण त्यांना थेट बसवू नका. ह्या पोरांना सगळं येतं पण ती फार भराभर बोलतात, आणि बॅक, स्क्रोल, होम ह्या गोष्टी सगळ्यांना माहितीच आहेत असं धरून चालतात. एक अख्खी दुपार फक्त त्यांच्यासाठी ठेवा, त्यात प्रत्येकाने हात पाठीमागे बांधून दुसऱ्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला तोंडी शिकवायचं. किती अवघड आहे ते तेव्हाच कळतं. आणि त्यांना बजावून सांगा, कोणाला "एवढं पण येत नाही" असं हसून पण म्हणायचं नाही. ज्या आजीने आयुष्यभर हिशेब तोंडी केला आणि कधी पैशाचा फरक पडू दिला नाही तिच्यासमोर आपण बसलोय, हे डोक्यात असू दे.

एका शिकवणाऱ्यामागे तीनपेक्षा जास्त माणसं नकोत. प्रोजेक्टर लावून लेक्चर तर बिलकुल नको.

पहिल्या दिवशी ॲप नाही, नंबर

सगळे यूपीआयपासून सुरुवात करतात, मी म्हणतो आधी सिम कार्ड. हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच सगळं अडतं.

प्रत्येकाला वहीत लिहायला लावा: माझा नंबर कोणता, सिम कोणाच्या नावावर, बँकेत कोणता नंबर, आधारला कोणता नंबर. बहुतेक वेळा हे चारही वेगवेगळं निघतं. बायकांच्या खात्याला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर असतो, आणि मुलगा बोटीवर गेला की चार-चार दिवस नेटवर्कच्या बाहेर, मग ओटीपी जातो दर्यात आणि आई बसते घरी. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीला हेच झालं, बाईचा आणि वर नवऱ्याचा किंवा वडिलांचा पण आधार ओटीपी लागत होता, ज्यांचे नंबर जोडलेले नव्हते त्यांनी नुसते हेलपाटे घातले. तर ज्या बाईच्या नावाने खातं तिच्याच हातातल्या फोनचा नंबर बँकेत आणि आधारला असला पाहिजे. आधारचा नंबर आधार केंद्रात किंवा पोस्टात बदलून मिळतो, पोस्टमन घरी येऊन पण करतात, त्यामुळे ज्यांना उठता येत नाही त्यांच्यासाठी पोस्टात सांगून ठेवा. बँकेसाठी बहुतेक वेळा शाखेत जावं लागतं, सरळ पाचसहा बायकांना एकत्र घेऊन एका दिवशी जा.

दुसरं, नंबर मरू द्यायचा नाही. ९० दिवस सिम अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कोणालातरी दिला जातो, म्हणजे तुमच्या बँकेचे मेसेज परक्याच्या फोनवर. ज्या आजोबांना नेट लागतच नाही त्यांना महागडा डेटावाला पॅक मारायची गरज नाही, जानेवारी २०२५ पासून फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक निघालेत. दुकानदार स्वतःहून सांगत नाही, तुम्ही विचारायला शिकवा.

तिसरं, संचार साथी ह्या सरकारी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघायचं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच "हा माझा नाही" म्हणून कळवता येतं.

फोन हाताला येईल असा करा

अक्षर मोठं करा, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मिळतं. नको ते सगळे ॲप आणि नोटिफिकेशन बंद, पहिल्या स्क्रीनवर पाच-सहाच चिन्हं: फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, पैशाचं ॲप, हवामान. फोनची भाषा मराठी करायची का हे त्यांना विचारा, काहींना मराठी सोपं जातं, काहींना इंग्रजी चिन्हांच्या जागा पाठ झालेल्या असतात आणि भाषा बदलली की सगळं हरवतं.

बर्फात, मिठात आणि कोयत्यावर काम करणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे फिंगरप्रिंट लॉक लागतच नाही आणि मावशीला वाटतं फोन बिघडला. त्यांना चार-सहा आकड्यांचा पिन द्या. हात कोरडे पुसूनच स्क्रीनला लावायचा, ओल्या बोटाने स्क्रीन भलतीकडेच जाते. बोट जास्त वेळ दाबलं जात असेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये "टच आणि होल्ड"चा वेळ वाढवा, ह्या एका सेटिंगने कितीतरी लोकांची चिडचिड थांबते.

आणि माईकचं चिन्ह! लिहितावाचता येत नाही म्हणून मागे राहिलेल्या माणसाला माईक दाखवा. कीबोर्डला मराठी जोडली की बोलून लिहिता येतं, यूट्यूबला बोलून शोधता येतं, व्हॉट्सॲपला आवाज पाठवता येतो. एखाद्या आजीने दुबईतल्या नातवाला पहिल्यांदा स्वतः बोलून मेसेज पाठवला आणि पलीकडून लगेच उत्तर आलं की तिला पुढच्या आठवड्यात बोलवायला लागत नाही. म्हणून पहिलं काम नेहमी आनंदाचं निवडा, बँकेचं नंतर.

पैसे

तीन गोष्टी, आणि त्या प्रत्येक आठवड्याला परत परत.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन फक्त पैसे जाताना. कोणी म्हणालं पैसे पाठवतो, पिन टाका, तर तो चोर. हे सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या, आम्ही घेतो.

गिऱ्हाईकाच्या फोनवरचं हिरवं चिन्ह बघून मासे द्यायचे नाहीत. खोटे स्क्रीन दाखवणारे ॲप फिरतात. आपल्या फोनवर पैसे आलेले दिसले पाहिजेत किंवा स्पीकर बोलला पाहिजे, मराठीत बोलणारे स्पीकर मिळतात, मात्र त्याचं महिन्याचं भाडं किती ते घेतानाच विचारायचं. आणि क्यूआर कोणाच्या खात्याचा आहे ते तपासा, पुष्कळ मावशींच्या टोपलीजवळ मुलाचा किंवा पुतण्याचा क्यूआर असतो आणि दिवसभराची कमाई तिकडे जाते. ह्यात घरात भांडण लावायचं नाही, पण मावशींना विचारायचं की तुमचं स्वतःचं खातं जोडूया का.

यूपीआयसाठी वेगळं छोटं खातं ठेवा, त्यात लागतील तेवढेच दोन-तीन हजार. एफडी आणि पेन्शनचं खातं यूपीआयला जोडूच नका. हे मी सगळ्या ज्येष्ठांना सांगतो, बँकवाले काही म्हणोत. चुकून काही झालं तर नुकसान तेवढंच आणि मनातली भीती पण जाते, भीती गेली की माणूस शिकतो.

साधा बटणवाला फोन असेल तरी यूपीआय चालतं, मार्च २०२२ पासून १२३पे आहे, आणि *९९# तर नेट नसताना पण. वापरायला थोडं किचकट आहे पण पावसात नेट गेलं की खात्यातले पैसे बघायला उपयोगी पडतं.

अंगठा लावून पैसे काढून देणारे एजंट असतात, तिथे एक काळजी घ्या. "फेल झालं, परत लावा" म्हटलं की आधी मेसेज आणि शिल्लक बघायची, मगच दुसऱ्यांदा अंगठा. पावती दरवेळी मागायची. ज्यांना अंगठ्याने पैसे काढायचेच नाहीत त्यांनी आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाकावं.

फसलं तर

१९३० हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, नाव "पैसे चोरी" असं ठेवा म्हणजे घाईत सापडेल. पैसे गेले की पहिल्या तास-दोन तासात फोन केला तर पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून आधी १९३०, मग बँक, मग नातेवाईक. आपल्याकडे उलट होतं, लाजेने माणूस दोन दिवस कोणाला सांगतच नाही. कट्ट्यावर स्पष्ट सांगा की फसवणारे हे पोटापाण्याचा धंदा म्हणून करतात, शिकले-सवरलेले लोक पण फसतात, ह्यात तुमची अब्रू जात नाही. पोलिसाचा ड्रेस घालून व्हिडिओ कॉल करून "डिजिटल अरेस्ट" म्हणणारे आले तर सरळ कट करायचं, असली कुठलीही अटक कायद्यात नाही. आणि लग्नपत्रिका किंवा वीजबिल म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) उघडायची नाही, ती कोणाकडूनही आलेली असो, सख्ख्या भावाकडून असली तरी आधी त्याला फोन लावून विचारायचं.

पेन्शनवाले काका-काकी

ऑक्टोबरपासूनच तयारी करा. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन ॲप टाकली की चेहरा दाखवून हयातीचा दाखला घरबसल्या होतो, अंगठ्याचं मशीन लागत नाही. आधार नंबर, पीपीओ नंबर (पेन्शनच्या ऑर्डरवरचा) आणि खाते नंबर एका कागदावर लिहून आणायला सांगा. खिडकीच्या समोर तोंड करून बसवा, पाठीमागे उजेड असला की चेहरा घेत नाही, आणि डोळे मिटून उघडायला सांगतं ते आधी समजावून ठेवा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना वेळ लागतो, घाई करू नका. ईपीएफची पेन्शन असेल तर नोव्हेंबरचीच अट नाही, दिल्यापासून वर्षभर चालतो. बाकीच्यांनी आपल्या पेन्शन ऑफिसला हे चालतं का ते आधी विचारावं. सोसायटीतल्या एका काकांना नीट शिकवा, तेच पुढे सगळ्या बिल्डिंगचं बघतात, आणि रिटायर्ड मास्तर असतील तर आपल्यापेक्षा दसपट चांगलं शिकवतात.

दर्याची खबर

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. दोन्ही वेळेला लाईट गेली, मग टॉवर गेले, आणि ज्या बातम्या सगळ्यात जास्त पाहिजे होत्या त्याच मिळेनात. त्यामुळे हे वादळाच्या आधी शिकवायचं काम आहे. आपत्तीचे इशारे देणारं सरकारी सचेत ॲप टाका, जिल्हा रत्नागिरी निवडा. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे उंच लाटांचे इशारे आणि मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याचे अंदाज कसे बघायचे ते तांडेल मंडळींना, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांना, दाखवा. त्यांना दर्या आपल्यापेक्षा चांगला कळतो, आपण फक्त माहिती कुठे आहे ते सांगायचं. मच्छीमारांची राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी सुरू आहे, ती पण बंदीच्या दोन महिन्यांत करून घ्या. पावसाळ्यात प्रत्येक घरात एक पॉवरबँक भरलेली पाहिजे आणि महत्त्वाचे पाच नंबर भिंतीवर पेनाने लिहिलेले पाहिजेत.

घरात केबलवाल्याचं फायबर आहे पण मोबाईलला रेंज नाही असं आपल्या जांभ्या दगडाच्या घरांत सर्रास होतं. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, त्याच सिमवरून कॉल लागायला लागतात. ही माहिती एवढ्या घरांना नसते की मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

मुंबईकरांचे जुने फोन

गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा जुने फोन मागा, कपाटात पडलेलेच असतात. पण वाटेल तो फोन घेऊ नका. फोरजी चालतं का, बॅटरी फुगलेली नाही ना, आणि बँकेचं ॲप त्यावर उघडतं का ते बघा, अँड्रॉइड फार जुनं असेल तर उघडत नाही. रिसेट मारायच्या आधी देणाऱ्याने आपलं गुगल खातं त्यातून काढलंच पाहिजे, नाहीतर फोन नंतर त्याचाच पासवर्ड मागत बसतो आणि देणारा तोपर्यंत कोकणकन्या पकडून परत गेलेला असतो. आणि त्याच पाच-सात दिवसांत ह्या मुलांना सांगा की आईचा फोन सेट करून देऊ नका, आरती झाली की रोज अर्धा तास आईच्या बाजूला बसा आणि तिला करू द्या.

ज्यांना नको आहे त्यांचं पण बघा

सगळ्यांनी शिकलंच पाहिजे असा आग्रह धरू नका. नव्वदीच्या आजीला, दृष्टी गेलेल्या काकांना, किंवा ज्याला साफ नको आहे त्याला ऑफलाइन काम करून मिळायला पाहिजे. सत्तरीच्या पुढच्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच बँक सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय, शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. सरकारी दाखल्यांसाठी महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, ठरलेल्या दिवसांत काम झालं नाही तर अपील करता येतं.

कट्ट्यावर एक वही ठेवा. कोणाचं नाव किंवा खातं लिहायचं नाही, फक्त काय अडलं ते: अमुक फॉर्म फक्त ऑनलाइन, अमुक भागात रेंज नाही, अमुक काउंटरवर "ॲपवर करा" म्हणून परत पाठवलं. दर तीन महिन्यांनी त्या वहीची झेरॉक्स काढून नगरपरिषदेत, तहसीलमध्ये आणि बँकेच्या शाखेत द्या, आणि आपल्या कॉपीवर पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.